मिनिटामागे किती रुपये? मालवण-तारकर्लीच्या स्कूबा सेवेचे परीक्षण

मालवणच्या जेटीवरून किंवा दांडीच्या किनाऱ्यावरून चालू लागले की स्कूबाचे दर सांगणारे फलक ओळीने दिसतात, आणि हजार-बाराशे रुपयांत समुद्राचा तळ पाहून येता येत असेल तर या छंदाला लोक खर्चिक का म्हणतात, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. फलकावरचा दर खोटा नसतो. मात्र तो एका फेरीचा दर असतो, छंदाचा नव्हे. ज्यांचे एकदा डोकावून समाधान होणार नाही, ज्यांना दरवर्षी जमेल तसे पाण्याखाली जायचे आहे आणि तरीही मुलांच्या फीला व घराच्या हप्त्याला धक्का लागू द्यायचा नाही, अशा वाचकांसाठी हे परीक्षण लिहिले आहे. त्यासाठी सर्वत्र एकच माप लावले आहे: पाण्याखाली प्रत्यक्ष काढलेल्या एका मिनिटाला किती रुपये पडले, आणि त्या मिनिटात आपल्याला स्वतःला काय करता आले. दर हंगामाप्रमाणे आणि गर्दीप्रमाणे बदलतात, म्हणून पुढचे सर्व आकडे अंदाजे धरावेत.

प्रथम त्या स्वस्त फेरीविषयी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांजवळ होडी नांगरली जाते. श्वास फक्त तोंडाने कसा घ्यायचा, कानावर दाब आल्यास नाक चिमटीत धरून हवा कशी ढकलायची आणि हाताच्या खुणा कोणत्या, एवढे काही मिनिटांत शिकवले जाते आणि मग एक प्रशिक्षक आपल्याला सिलिंडरला धरून खाली नेतो. खोली बहुधा पाच ते आठ मीटर, आणि पाण्याखालचा वेळ दहा ते वीस मिनिटे. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे, फुलपाखरू मासे, एखादा पोपटमासा आणि खडकाला चिकटून वाढलेले कठीण प्रवाळ एवढे नशीब बरे असेल तर दिसतेच. नेणारी मुले याच किनाऱ्यावर वाढलेली असतात, त्यामुळे वाऱ्याची आणि पाण्याची त्यांची जाण पुस्तकी नाही. घाबरलेल्या माणसाला शांत करण्याचे त्यांचे कसब तर मला फार आवडते. पहिल्या ओळखीसाठी ही सेवा पैसे वसूल करते, यात शंका नाही.

मात्र पंधरा मिनिटांना हजार-बाराशे रुपये, म्हणजे मिनिटाला सत्तर-ऐंशी रुपये झाले. प्रमाणपत्र मिळवलेल्या डाइव्हरला मार्गदर्शक, होडी आणि सामानासह एका डाइव्हचे साधारण तीन हजार रुपये पडतात आणि तो चाळीस-पंचेचाळीस मिनिटे खाली राहतो. म्हणजे त्यालाही मिनिटाला तोच भाव पडतो. फरक इतकाच की पहिल्या प्रकारात कुठे जायचे, किती खाली जायचे आणि कधी वर यायचे हे सगळे दुसऱ्याच्या हातात असते, आणि दुसऱ्या प्रकारात आपण स्वतः पोहत असतो. दर दिवाळीच्या सुट्टीत तीच ओळखफेरी पुन्हा करणारी कुटुंबे मला माहीत आहेत. त्यांना आपण काटकसर करतो असे वाटते, पण ती प्रत्येक वर्षी त्याच पायरीचे पैसे भरतात. ओळखफेरी एकदाच करावी. आणि तीही करताना वेळ कुठून मोजणार, हे आधी विचारून घ्यावे, कारण काही ठिकाणी सांगितलेल्या ‘एका तासा’त होडीतले जाणे-येणे आणि कपडे बदलणेही धरलेले असते. छायाचित्रे व व्हिडिओ दरात धरले आहेत की नाहीत, हेही बोली ठरतानाच स्पष्ट झालेले बरे.

मालवणच्या पाण्याबद्दल खरे सांगायचे तर ते अंदमानसारखे निवळशंख नसते. चांगल्या दिवशी सात-आठ मीटरपर्यंतचे दिसते, वाईट दिवशी पुढे गेलेल्या माणसाच्या पायातले फिन्स, म्हणजे पोहण्याचे पंखेही धूसर होतात. ज्या दिवशी दोन मीटरपलीकडे दिसत नाही, त्या दिवशीचे प्रत्येक मिनिट दुप्पट महाग पडते, म्हणून तारीख निवडणे हीच येथील पहिली बचत आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाण्याची ये-जा जोरात होते आणि तळाची रेती उठते. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांगाची भरती असते, प्रवाह मंदावतो आणि गाळ बसायला उसंत मिळते. कोळी मंडळींना हे सांगावे लागत नाही. शहरातून येणारा मात्र कार्यालयाची सुट्टी पाहून आरक्षण करतो, घरातल्या दिनदर्शिकेतली तिथी पाहत नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळातले, दशमीच्या आगेमागे येणारे आठवड्यातले कामाचे दिवस निवडावेत आणि त्यातही भरतीची वेळ गाठावी, कारण तेव्हा बाहेरचे स्वच्छ पाणी किनाऱ्याकडे येते. खोल्यांचे भाडेही त्या दिवसांत शनिवार-रविवारपेक्षा कमी असते.

आता मुख्य खर्चाकडे, म्हणजे प्रशिक्षणाकडे वळू. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग आणि जलक्रीडा प्रशिक्षण संस्था आहे, जी ‘इस्दा’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. मराठी माणसाने हा छंद शिकण्यासाठी प्रथम तिचा विचार करावा, असे माझे मत आहे. नेहमीच्या पोहण्याच्या तलावापेक्षा कितीतरी खोल असा, खास डायव्हिंगसाठी बांधलेला तलाव तिथे आहे. मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने हवा सोडून बाहेर काढणे, सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर सुटल्यास तो शोधून परत लावणे, जोडीदाराची हवा संपल्यास त्याला आपल्याकडची देणे, ही कौशल्ये लाटांवर डोलणाऱ्या होडीशेजारी घोटण्यापेक्षा तलावात घोटणे निराळे. समुद्र खवळला तरी दिवस फुकट जात नाही, आणि शिकाऊ माणसाच्या हिशेबात हा मुद्दा मोठा आहे: फुकट गेलेल्या प्रत्येक दिवसाला खोली, जेवण आणि रजा असा तिहेरी भुर्दंड असतो.

ओपन वॉटर या पहिल्या पूर्ण अभ्यासक्रमाला भारतात साधारणपणे पंचवीस ते पस्तीस हजार रुपये लागतात. त्यात पाठ्यभाग, तलावातील सराव आणि समुद्रातील चार डाइव्ह असतात, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर जोडीदारासह १८ मीटरपर्यंत जाता येते. पॅडी, एसएसआय अशा प्रमाणपत्र देणाऱ्या निरनिराळ्या संस्थांच्या नावांवरून फार डोकेफोड करू नये. या पातळीसाठी आयएसओ २४८०१-२ हे समान मानक आहे आणि एका संस्थेचे प्रमाणपत्र दुसऱ्या संस्थेच्या केंद्रात चालते. संस्थेपेक्षा शिकवणारा माणूस आणि त्याच्या हाताखाली एका वेळी किती विद्यार्थी आहेत, हे पाहावे. दर विचारताना ऑनलाइन पाठ्यभागाचे शुल्क आणि प्रमाणपत्राचे शुल्क धरले आहे का, असा सरळ प्रश्न करावा. हे शुल्क बहुधा परदेशी चलनात ठरते, आणि काही केंद्रे ते बाजूला ठेवून आकर्षक आकडा सांगतात.

याच ठिकाणी एक मोह टाळावा. बारा मीटरपर्यंतच आणि तेही व्यावसायिकाच्या देखरेखीखालीच जाण्याची परवानगी देणारे एक अर्धे प्रमाणपत्र कमी पैशांत मिळते. ज्याच्याकडे दोनच दिवस आहेत त्याने ते घेतले तर समजू शकते. एरवी उरलेला अर्धा भाग नंतर वेगळा पूर्ण करताना पुन्हा प्रवास, पुन्हा मुक्काम आणि बहुतेक वेळा पहिल्या भागाची उजळणी असे सगळे आपल्याच गळ्यात पडते. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी त्यापेक्षा चांगली सोय म्हणजे पाठ्यभाग आणि तलावाचा सराव आपल्याच शहरातल्या केंद्रात करून समुद्रातील चार डाइव्ह दुसरीकडे पूर्ण करणे. पॅडीच्या पद्धतीत ही विभागणी वर्षभर ग्राह्य असते. दोन केंद्रांना पैसे दिल्यामुळे शुल्कात बचत होईलच असे नाही, पण किनाऱ्यावरचा मुक्काम कमी होतो आणि रजा वाचते. नोकरदाराने दोन्ही हिशेब कागदावर मांडून ठरवावे.

अभ्यासक्रमात २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगत राहणे अपेक्षित असते. वेळेची अट नाही, वेगाची अपेक्षा नाही, तरीही पुष्कळ लोक इथेच अडखळतात आणि महागड्या प्रशिक्षकाचा वेळ साध्या पोहण्यात घालवतात. महापालिकेच्या तलावाचा महिन्याचा पास काढून हे आधीच पक्के करावे. या छंदात इतक्या थोड्या पैशांत इतका लाभ देणारी दुसरी गोष्ट मला सापडलेली नाही. कारण पाण्यात निवांत असणारा माणूस हवा कमी वापरतो आणि हवा म्हणजेच मिनिटे.

हे गणित प्रत्येक डाइव्हरने एकदा स्वतः मांडून पाहावे. नेहमीचा सिलिंडर सुमारे बारा लिटरचा असतो आणि त्यात २०० बार, म्हणजे नेहमीच्या हवेच्या सुमारे दोनशे पट दाबाने हवा भरलेली असते, म्हणजे एकूण २४०० लिटर. पन्नास बार राखीव ठेवून वर यायचे, म्हणून वापरायला १८०० लिटर उरतात. पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा घेणाऱ्या माणसाला दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट झाल्यामुळे चाळीस आणि वीस मीटरच्या जवळ साठ लिटर लागतात. म्हणजे तोच सिलिंडर दहा मीटरवर पंचेचाळीस मिनिटे पुरतो आणि वीस मीटरच्या आसपास अर्धाच तास. आता दहा मीटरवरच हात-पाय मारणे थांबवून, तरंगणे साधून आणि श्वास संथ करून कोणी मिनिटाला पंधरा लिटरांवर आले, तर त्याला त्याच पैशांत एक तास मिळतो. मिनिटाचा भाव एक चतुर्थांश उतरला आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागले नाही. मात्र अनेक केंद्रे हवा कितीही उरलेली असली तरी पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी सगळ्यांना वर बोलावतात, किंवा गटातल्या पहिल्या माणसाची हवा संपत आली की पूर्ण गट वळतो. म्हणून आपल्याबरोबर कोण आहे, हेही पाहावे. नवशिक्या सहा जणांच्या गटात सर्वांत अनुभवी माणसाचे सर्वाधिक नुकसान होते.

यावरून आणखी एक निष्कर्ष निघतो, जो केंद्रांना फारसा रुचणार नाही. ओपन वॉटर संपल्या संपल्या ३० मीटरपर्यंत नेणारा पुढचा अभ्यासक्रम घेण्याचा आग्रह सर्वत्र होतो. ज्याला मालवण, गोव्याचे ग्रँड बेट किंवा तशाच उथळ जागी जायचे आहे, त्याला त्याची घाई नाही. रंग, प्रकाश आणि मासे बहुतेक वरच्या पंधरा मीटरांतच असतात आणि हवाही तिथेच जास्त पुरते. नायट्रॉक्स या अधिक प्राणवायूच्या मिश्रणाचेही तसेच आहे. त्याचा उपयोग खोल आणि पाठोपाठच्या डाइव्हसाठी. दहा मीटरवर त्याचे पैसे देणे व्यर्थ आहे. तेच पैसे चार साध्या डाइव्हवर खर्च केले तर हात अधिक चांगला बसतो.

सामानाबाबत माझे मत कडक आहे: पहिली दोन-तीन वर्षे मास्कखेरीज काही घेऊ नये. मास्क मात्र घ्यावाच, कारण प्रत्येकाच्या चेहऱ्याची ठेवण वेगळी असते आणि भाड्याचा मास्क गळू लागला की अर्धी डाइव्ह पाणी काढण्यात जाते. दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवावा, नाकाने हलका श्वास आत घ्यावा आणि हात सोडावा; तो चिकटून राहिला तर आपला. भरघोस मिशी असलेल्यांना नाकाखाली थोडी गळती सहन करावी लागेल. डिकॅथलॉनमध्ये दीड-दोन हजारांपासून पुढे ‘सुबिया’ या त्या दुकानाच्याच ब्रँडचे डायव्हिंग मास्क मिळतात, आणि टेम्पर्ड काच, मऊ सिलिकॉन व नाकासाठी वेगळा खळगा या तीन गोष्टी असतील तर दुप्पट किमतीच्या परदेशी मास्कची गरज नाही. त्याच फळीवर पूर्ण चेहरा झाकणारा ईझीब्रेथ मास्क असतो. तो केवळ पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत पाहण्यासाठी आहे. त्यात नाक धरून कानाचा दाब सारखा करता येत नाही, त्यामुळे स्कूबाला तो निरुपयोगी ठरतो. पोहण्याचा गॉगलही याच कारणाने चालत नाही. नवीन काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढला नाही, तर महागातला महाग मास्कही धुके धरतो. चष्मा असणाऱ्यांना तयार क्रमांकाच्या काचा बसवता येणारे मास्क मिळतात, आणि पाण्याखाली वस्तू एकतृतीयांश मोठ्या दिसत असल्याने थोड्या नंबरवाल्यांचे त्याविनाही निभावते.

मास्कनंतर घेण्याजोगी वस्तू म्हणजे खोली आणि पाण्याखालचा वेळ मोजत राहणारा डाइव्ह कॉम्प्युटर. साधा मनगटी कॉम्प्युटर वीस-तीस हजारांच्या घरात येतो, तो वर्षानुवर्षे चालतो, आणि बॅटरी घरी बदलता येणारा असेल तर देखभालीचा खर्च जवळपास नाहीच. रेग्युलेटर आणि बीसीडी (हवा भरून तरंगणे साधण्याचे जॅकेट) मात्र नियमित डाइव्ह करणाऱ्यानेच घ्यावेत. समजा, दोन्ही मिळून ऐंशी हजार रुपये लागले आणि आपण वर्षाला दहा दिवस पाण्यात गेलो. भारतातील बहुतेक केंद्रांच्या दरात सामान धरलेलेच असते. स्वतःचे आणल्यास दिवसाला पाचशे रुपयांची सूट मिळाली, तरी वर्षाला पाच हजारच वाचतात आणि तेवढे पैसे रेग्युलेटरच्या नियतकालिक दुरुस्ती-तपासणीत सहज जातात. हा व्यवहार कधीच फिटत नाही. जुना रेग्युलेटर समाजमाध्यमांवरून स्वस्तात घेण्याचा विचार तर मनातून काढून टाकावा. जुने फिन्स खुशाल घ्यावेत. कोकणच्या कोमट पाण्यात पातळ वेटसूट किंवा लायक्राचा पूर्ण बाह्यांचा पोशाख पुरतो, तोही मुख्यतः खडकावर खरचटू नये म्हणून.

जागेच्या निवडीबद्दल थोडक्यात. मालवणला जाण्यासाठी कोकण रेल्वेने कुडाळला उतरून पुढे सुमारे तीस किलोमीटर जावे लागते. एसटी आहे, रिक्षाही मिळते. प्रमाणपत्र मिळाल्यावर किल्ल्यालगतच्या उथळ जागा लवकरच पुरेनाशा होतात, हे मात्र मान्य केले पाहिजे. या भागाला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला, तरी रोजच्या होड्या, नांगर आणि पर्यटकांचे पाय यांचा ताण प्रवाळावर दिसतो. अशा वेळी पुढचा मुक्काम अंदमान नव्हे तर कर्नाटकातील नेत्राणी असावा. मुर्डेश्वरला रेल्वे स्थानक आहे, तिथून होडीने सुमारे एकोणीस किलोमीटरवर हे बेट आहे, आणि पाणी मालवणपेक्षा बहुधा दुपटीने स्वच्छ असते. विमानाचे भाडे वाचल्यावर त्याच रकमेत आणखी दोन दिवसांच्या डाइव्ह बसतात. अंदमानला जरूर जावे, पण शिकण्यासाठी नको. शिकून, सरावून जावे, म्हणजे तिथला प्रत्येक महाग दिवस नुसता पाहण्यात जाईल. शिवाय कमी दिसणाऱ्या पाण्यात शिकलेला माणूस स्वच्छ पाण्यात सहज रुळतो, उलटे तितकेसे होत नाही.

निवतीजवळच्या समुद्रात, नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली गुलदार ही युद्धनौका बुडवून पाण्याखालील संग्रहालय उभारण्याचा राज्य शासनाचा प्रकल्प आहे. त्यामुळे सिंधुदुर्गातच प्रशिक्षितांसाठी पुढची पायरी तयार होईल, अशी आशा बाळगायला हरकत नाही.

काही जागी पैसे वाचवू नयेत. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. मेच्या अखेरीस वारा बदलतो, पाणी चढते, आणि नेमके तेव्हाच हंगाम संपत आल्याने दर पाडून मिळतात. ती सवलत घेऊ नये. होडीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळाल्याशिवाय आणि माणसे मोजल्याशिवाय बसू नये, बोली कितीही उत्तम झालेली असो. आरोग्याच्या प्रश्नावलीत दमा, हृदयविकार, फेफरे किंवा कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही खरे असेल तर डॉक्टरांची लेखी संमती घ्यावी. तपासणीचे पाचशे-हजार रुपये वाचवण्यासाठी सगळीकडे ‘नाही’ लिहिणारे लोक स्वतःलाच फसवतात. विम्याबाबत एक दिलासा आहे: भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत स्कूबाचा उल्लेख आहे, पण तो व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरता. हौशी माणसाने आपल्या पॉलिसीतील तो परिच्छेद स्वतः वाचून घ्यावा. प्रवास विम्याचे नियम वेगळे असतात.

राहिला परतीचा प्रवास. एकाहून अधिक डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास थांबावे, हे बहुतेकांना माहीत असते, पण घाटाचे कोणाच्या ध्यानात येत नाही. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि डाइव्हमध्ये अंगात मुरलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन त्रास देऊ शकतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे, आणि हा नियम साधारण सहाशे मीटरपासून पुढच्या उंचीला लागू धरतात. दुपारी दोन डाइव्ह करून संध्याकाळीच गाडीने आंबोलीमार्गे बेळगाव गाठण्याचा बेत म्हणूनच चुकीचा आहे. शेवटच्या दिवशी पाण्यात न जाता किल्ला पाहावा, चिवल्याच्या किनाऱ्यावर फिरावे आणि दुसऱ्या सकाळी निघावे. एका रात्रीच्या खोलीचे हजार-दीड हजार रुपये या छंदाच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासूनच धरून ठेवावेत.